वेळ चुकलेले रिव्हॉल्वर : निदान आणि उपचार

ठासणीच्या रिव्हॉल्वरचे टायमिंग म्हणजे आतल्या चार-पाच भागांनी आपापली पाळी न चुकवणे. घोडा मागे ओढू लागताच आधी सिलिंडरचे कुलूप उघडले पाहिजे, मग सिलिंडर फिरले पाहिजे, सहा कप्प्यांपैकी पुढचा कप्पा नळीसमोर येताच ते पुन्हा कुलूपबंद झाले पाहिजे आणि त्याच क्षणी घोडा पूर्ण चढून चापाच्या टोकावर अडकला पाहिजे. फेरा बरोबर साठ अंशांचा. यातले एखादे काम आधी किंवा उशिरा झाले की टायमिंग बिघडले म्हणतात. बिघाड केसाएवढा असतो. त्यावर बोलणाऱ्यांचा उत्साह त्याहून बराच जाड असतो.

प्रस्तुत विवेचन 1851 च्या कोल्ट नेव्ही या नमुन्याच्या आजच्या इटालियन प्रतिकृतींपुरते आहे. नमुना .36 कॅलिबरचा, वरून उघडा, नळी एका आडव्या पाचरीने धरलेली. सिलिंडरवर टेक्सास आणि मेक्सिको यांच्या 1843 च्या आरमारी लढाईचे चित्र कोरलेले असते. प्रतिकृती उत्तर इटलीत ब्रेशियाच्या आसपास बनतात. तेथील व्हाल ट्रोम्पिया खोऱ्यातल्या गार्दोने या गावात शतकानुशतके बंदुका घडत आल्या आहेत. अशा गावाच्या कामात खोट काढायला विशेष प्रकारचा आत्मविश्वास लागतो. तो कोणाकडे असतो, हे पुढे येईल.

यंत्रणेतले मुख्य भाग मोजकेच. घोड्याच्या बुडाशी एक चपटी पट्टी जोडलेली असते, तिला हँड म्हणतात. घोडा मागे जातो तशी ती वर सरकते आणि सिलिंडरच्या पाठीवरच्या दात्याला ढकलून सिलिंडर फिरवते. खाली बोल्ट असतो. मध्ये स्क्रूवर डुलणारा हा तुकडा आपले डोके चौकटीच्या खिडकीतून वर काढून सिलिंडरच्या खाचेत घालतो. बोल्टच्या मागच्या टोकाला दोन पाय असतात. त्यातला एक घोड्यावरच्या कॅम नावाच्या गोल उंचवट्यावर टेकतो. दोन पात्यांची एक सपाट स्प्रिंग असते. तिचे एक पाते बोल्टला दाबते, दुसरे चापाला.

आता हळूहळू घोडा ओढावा आणि कान द्यावा. कॅम बोल्टचा पाय उचलतो, डोके खाचेतून खाली उतरते, हँड दात्याला लागतो. पहिला खट् होतो तो घोडा अर्धा चढल्याचा. येथे बोल्ट खाली असतो, सिलिंडर मोकळे फिरते आणि दारू व गोळ्या ठासता येतात. आणखी ओढले की एका बिंदूला बोल्टचा पाय कॅमवरून घसरतो. डोके उसळून सिलिंडरवर आपटते, पण खाचेत नव्हे, खाचेच्या अलीकडे खणलेल्या उथळ उतारावर. हा दुसरा आवाज नाजूक असतो. मग उतारावरून घसरत डोके खाचेत शिरते आणि घोडा पूर्ण चढतो, तो तिसरा. बोल्टचे काम एसटीच्या कंडक्टरचे आहे. घंटी आधी मारली तर गाडी थांब्याच्या अलीकडे रेंगाळते, उशिरा मारली तर थांबा मागे राहतो आणि सगळी गाडी कंडक्टरकडे बघते.

या यंत्रणेच्या उगमाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ते दोनच राहत नाहीत, असा सर्वत्र अनुभव आहे. सॅम्युअल कोल्टला फिरत्या सिलिंडरची कल्पना कोणत्याही कारखान्यात सुचलेली नाही. ती सुचली कलकत्त्याच्या वाटेवर. 1830 साली सोळा वर्षांचा कोल्ट बॉस्टनहून ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून निघाला. त्या सफरीत त्याने जहाजाचे चाक फिरताना आणि अडताना पाहिले आणि फावल्या वेळात फिरत्या कप्प्यांच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. ते जहाज मुंबईला लागले असते तर मराठी माणसाला या इतिहासात केवढी जागा मिळाली असती, हा विचार अमेरिकेतल्या मराठी बंदूकधाऱ्याला दर गणेशोत्सवात छळतो. मंडळाच्या जेवणात त्याने विषय काढला की शेजारचे बंगाली पाहुणे खुर्ची पुढे ओढतात आणि श्रेय घेऊन जातात.

खरी मौज पुढे आहे. कल्पना होती, पैसा नव्हता. सुरुवातीचे नमुने घडवायला कारागीर लागत आणि कारागीर रोख मागत. तेव्हा कोल्टने आडनावात एक अक्षर वाढवले, नावामागे डॉक्टर लावले आणि ‘न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचे सुप्रसिद्ध डॉक्टर’ म्हणून गावोगाव लाफिंग गॅसचे प्रयोग सुरू केले. वय विशीच्या आत, वैद्यकीचे शिक्षण शून्य. लोक तिकीट काढून येत, नायट्रस ऑक्साइड हुंगत, व्यासपीठावर नाचत, पडत, हसत आणि घरी जात. डॉक्टरसाहेब गल्ला मोजत आणि रक्कम बंदूक घडवणाऱ्याकडे धाडत. शस्त्रांसाठी राजांनी कर बसवले, सरदारांनी गावे लुटली, सावकारांनी कर्जे दिली. ज्या रिव्हॉल्वरने पुढे अमेरिकेचा नकाशा बदलायला हातभार लावला, त्याचे भांडवल मात्र परक्यांच्या हसण्यातून जमले. विनोदी लेखकांना आपल्या व्यवसायाची फलनिष्पत्ती कळावी म्हणून ही हकीकत अभ्यासक्रमात असायला हवी.

कलकत्ता का, हाही प्रश्न विचार करण्याजोगा आहे. लंडनची पदवी तपासणारा एखादा भेटला असता. कलकत्त्याची कोण तपासणार? लांबच्या गावाची विद्वत्ता नेहमीच स्वस्त पडते. प्रतिकृतींच्या मराठी मालकांतही ही परंपरा चालू आहे. ओहायोच्या नेमबाजीच्या मैदानावर असा मालक भारतातून आलेला मेकॅनिकल इंजिनिअर असतो आणि पुण्याच्या लग्नात अमेरिकेतला शस्त्रतज्ज्ञ. दोन्ही ठिकाणचे लोक एकमेकांना कधी भेटत नाहीत, यावर त्याची कीर्ती उभी आहे. प्रस्तुत लेखकाला या जातीचा अतिशय जवळून परिचय आहे. दाढी करताना रोज भेट होते.

1836 मध्ये कोल्टला अमेरिकेत पेटंट मिळाले. घोडा चढवताच सिलिंडर फिरावे आणि जागेवर अडकावे, हा त्याचा गाभा होता. म्हणजे ते टायमिंगचेच पेटंट होते. विषयांतर येथे संपते.

निदानाकडे वळण्यापूर्वी मालकाची प्रकृती लक्षात घ्यावी लागते, कारण अर्धे बिघाड तिच्यातून उद्भवतात. अमेरिकेच्या 1968 च्या केंद्रीय कायद्यात ठासणीच्या जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती बंदुकांच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. राज्यांचे नियम वेगवेगळे असले तरी पुष्कळ ठिकाणी असे रिव्हॉल्वर टपालाने घरपोच येते. ज्या गृहस्थाला मायदेशी 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना काढायचा तर फायलीचे वजन बंदुकीहून जास्त भरले असते, त्याच्या दारात कुरिअरवाला हे खोके ठेवून जातो. त्या दिवसापासून तो वाचतो, ऐकतो, शब्द गोळा करतो. सिलिंडरवर पहिला ओरखडा दिसण्याआधी तो त्याचे कारण जाणत असतो. कोकणातल्या चुलत्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते. व्हिडिओ कॉलवर तासभर बोल्ट आणि कॅम समजावून घेतल्यावर चुलता एवढेच विचारतो, “ह्येच्यान डुकर मरता?” प्रश्न रास्त आहे. उत्तर नकारार्थी असल्यामुळे नेमके तेव्हाच नेटवर्क जाते.

पहिला नियम : रिव्हॉल्वर रिकामे करावे. सहाही कप्पे डोळ्यांनी पाहावेत, कप्प्यांमागच्या निपलांवर बार पेटवणारी एकही टोपी नसल्याची खात्री करावी, दारूचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवावा. येथे विनोदाला जागा नाही.

दुसरा नियम : टायमिंगला दोष देण्यापूर्वी जे टायमिंग नाही ते काढून टाकावे. सिलिंडर अडखळण्याची सर्वांत साधी कारणे चार. एक, फुटलेल्या टोप्या. बार उडाल्यावर तांब्याच्या टोपीचे तुकडे घोड्याच्या फटीतून आत पडतात आणि बोल्टखाली किंवा हँडच्या वाटेत जाऊन बसतात. दोन, काजळी. काळ्या दारूच्या ज्वलनातून निम्म्याहून अधिक वजन घन अवशेष म्हणून उरते. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही राख हवेतले पाणी ओढते, मधल्या दांड्यावर चिकटते आणि काही बारांनंतर सिलिंडर जड होते. तीन, पाचर. ती हातोडीने फार आत ठोकली तर नळी मागे खेचली जाऊन सिलिंडरच्या तोंडावर घासू लागते. मधला दांडा नळीच्या भोकात तळापर्यंत टेकत नसेल तर हा त्रास अटळ, आणि प्रतिकृतींमध्ये असा आखूड दांडा पुष्कळदा आढळतो. पाचर थोडी मागे घेताच सिलिंडर मोकळे झाले, तर बोल्ट निर्दोष सुटला. चार, स्क्रू. बोल्टचा स्क्रू करकचून आवळला तर बोल्ट डुलत नाही. सैल राहिला तर नको तितका डुलतो.

या चारही कारणांत एक समान दुर्गुण आहे. ती गरम पाण्याने, चिमट्याने आणि पेचकसाने सुटतात. मालकाला त्यात गोडी वाटत नाही. ज्याने हँडचा कोन आणि बोल्टचा उतार यांवर रात्री घालवल्या, त्याला “टोपीचा तुकडा अडकला होता” हे निदान मानहानीकारक वाटते. सर्दी झालेल्या माणसाला दुर्मिळ रोगाचे नाव ऐकायचे असते, त्यातलाच प्रकार. घरातला दुसरा पक्ष स्वयंपाकघरातून विचारतो, “अहो, साफ केल्यावर चाललं ना?” त्यावर “तसं नसतं ते” असे उत्तर देण्याची प्रथा आहे.

तिसरा नियम : चाचणी दोन गतींनी घ्यावी. घोडा अगदी सावकाश चढवावा आणि त्या वेळी दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला किंचित रोध द्यावा. मग झटकन चढवून पाहावे. हे सहाही कप्प्यांवर करावे, कारण दाते आणि खाचा सहा-सहा असतात आणि दोष एखाद्याच दात्यात असू शकतो. कप्प्यांना शाईने क्रमांक द्यावेत. सहाही ठिकाणी सारखा दोष दिसला तर तो हँडमध्ये किंवा बोल्टमध्ये आहे. एकाच ठिकाणी दिसला तर सिलिंडरमध्ये. पाश्चात्त्य सिनेमांत पाहून तळहाताने घोडा सपासप मारण्याची तिसरी गती काही जण वापरतात. तिच्यामुळे दोष सापडत नाही, तयार होतो. जोरात फिरणारे सिलिंडर बोल्टच्या डोक्यावर आदळते आणि खाचांच्या कडा वर उचलल्या जातात.

दोषांचे मुख्य प्रकार असे. सावकाश चढवताना घोडा पूर्ण चढतो, पण सिलिंडर खाचेपर्यंत पोचत नाही आणि बोटाने पुढे ढकलल्यावर खट् करून बसते : हँड आखूड आहे किंवा टोकाशी झिजला आहे. अशा स्थितीत कप्पा नळीच्या रेषेत नसतो. गोळीची कड नळीच्या तोंडावर खरवडली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. उपाय नवा हँड. जुना ठोकून लांब करण्याची पद्धत आहे, पण तो हाताच्या सवयीचा खेळ आहे.

उलट प्रकारात सिलिंडर खाचेत बसते आणि घोडा अजून थोडा उरलेला असतो. अंगठ्याला शेवटच्या टप्प्यात भिंत लागते; जोर केला तर घोडा चढतो. हँड लांब आहे. जोराने चढवत राहिल्यास बोल्टचे डोके आणि खाचेची कड दोन्ही बिघडतात. येथे हँडचे टोक घासावे लागते. मेणबत्तीच्या ज्योतीवर टोक धरून काजळी चढवावी, हँड बसवून एकदा घोडा ओढावा आणि काढून पाहावे. जेथे काजळी पुसून धातू चमकतो तेथेच तो टेकतो. घासायचे ते एवढ्या चमकदार ठिपक्यापुरते, तेही बारीक दगडावर, दोन-तीन फेऱ्यांनी, आणि पुन्हा जोडून पाहायचे.

बोल्ट लवकर उसळला तर तो उताराच्या पुष्कळ अलीकडे सिलिंडरवर आपटतो आणि तेथून खाचेपर्यंत खरवडत जातो. सिलिंडरभोवती चकचकीत रेघ उमटते आणि ती आरमारी लढाईच्या काठाकाठाने जहाजांना प्रदक्षिणा घालते. ही रेघ पाहून मालक हळहळतात. मात्र एक खुलासा आवश्यक आहे. अर्धा चढवलेला घोडा तिथूनच खाली सोडण्याची सवय असेल तर बोल्ट खाचांच्या मध्येच कुठे तरी टेकतो आणि मग सिलिंडर फिरवताना तशीच रेघ पडते. घोडा आधी पूर्ण चढवून मग अंगठ्याने हलकेच उतरवला की ती टळते. सवय बदलूनही रेघ वाढतच राहिली तर बोल्टचा पाय आखूड आहे किंवा कॅम झिजला आहे, भाग बदलावा.

बोल्ट उशिरा उसळला तर झटकन चढवताना सिलिंडर खाच ओलांडून पुढे निघून जाते. पाय थोडा लांब असतो. त्याचे टोक कणभर कमी केले की तो कॅमवरून लवकर घसरतो. कणभर हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा.

स्प्रिंगांचे दोष ओळखायला सोपे. नळी जमिनीकडे धरली तर सिलिंडर फिरते आणि आकाशाकडे धरली तर फिरत नाही : हँडची स्प्रिंग तुटली आहे आणि हँड केवळ वजनाने पुढे झुकतो आहे. बोल्ट वर येतच नसेल तर दोन पात्यांच्या स्प्रिंगचे एक पाते मोडले असावे. हे पाते मोडणे इतके नित्याचे आहे की जाणकार एक स्प्रिंग खणात ठेवतात.

उपचाराच्या हत्यारांत कानशीचा क्रमांक शेवटचा असतो, आणि मालकाच्या हातात ती सर्वांत आधी येते. धातू काढणे सोपे, परत लावणे अशक्य. पुष्कळ भागांचे फक्त वरचे कातडे कडक केलेले असते. ते कानशीने गेले की खालचा मऊ धातू थोड्याच दिवसांत झिजतो आणि दोष दुप्पट होऊन परततो. हे सगळे पुस्तकात असते. तरी दर रविवारी कोठे ना कोठे एखादा पदवीधर “इटालियनांना फिटिंग येत नाही” असे म्हणत व्हाइस आवळत असतो.

या वाक्याचा राग येण्यासारखा आहे. 1850 च्या दशकात कोल्टने हार्टफर्ड आणि लंडन येथे यंत्रांनी भाग कापून दाखवले, सुटे भाग कुठल्याही बंदुकीत बसतील असा डंका पिटला, आणि इतिहासाने ते श्रेय त्याला व त्याच्या यंत्रांना दिले. त्याच्या रिव्हॉल्वरच्या भागांवर मात्र क्रमांक ठोकलेले असत, कारण हा बोल्ट याच चौकटीत कोणी तरी हाताने बसवला होता. त्या कोणी तरीचे नाव कुठेच नाही. आजही यंत्र भाग जवळपास आणून ठेवते. शेवटचा कण माणूस काढतो. महाराष्ट्रात हे काम शिकणारी मुले आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये लोखंडाचा एक ठोकळा महिनोन्महिने कानसत बसतात. गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा कानस. हाताला फोड येतात, मास्तर बोलतात, घरी कोणी विचारत नाही. त्या काळात ते कापायला शिकतातच; पण त्याहून अवघड गोष्ट शिकतात ती म्हणजे कुठे थांबायचे. खडकीचे, अंबरनाथचे कारखाने अशा थांबता येणाऱ्या हातांवर चालले. संगणकावर आकृत्या काढून पगार घेणाऱ्याने त्या हातांना नावे ठेवण्यापूर्वी एक ठोकळा चौरस करून दाखवावा. लग्नातल्या शस्त्रतज्ज्ञाकडे असा ठोकळा नाही, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

भाग जोडताना प्रत्येक स्क्रू ज्या भोकातून निघाला त्यातच जावा. चापाचा आणि बोल्टचा स्क्रू एकसारखे दिसले तरी अदलाबदल करू नये. मधल्या दांड्याला ग्रीस लावावे. पाचर अंगठ्याच्या दाबाने किंवा हलक्या ठोक्याने बसावी, आणि बसल्यावर सिलिंडर व नळी यांत काही सहस्रांश इंचांची फट राहिलेली फीलर गेजने तपासावी. मग पुन्हा सहाही कप्प्यांवर दोन्ही गतींनी चाचणी घ्यावी.

पुढची निगा साधी आहे. बार काढताना फुटलेल्या टोप्या आत पडू नयेत म्हणून घोडा चढवताना नळी आकाशाकडे धरावी. मैदानावर हे डौलदारही दिसते, त्यामुळे या सूचनेचे पालन उत्तम होते. त्याच दिवशी नळी आणि सिलिंडर गरम पाण्याने धुवावेत, कोरडे करून तेल लावावे. अधूनमधून आतली यंत्रणाही उघडून पुसावी.

सहाही कप्पे सावकाश आणि झटकन अशा दोन्ही चाचण्यांत खाचेत बसत असतील तर टायमिंग बरोबर आहे. त्यानंतर सिलिंडरवर उरलेली पुसट रेघ, दोन कप्प्यांच्या आवाजांतला सूक्ष्म फरक आणि “अजून थोडं सुधारता येईल” ही भावना यांपैकी काहीही बिघाडात मोडत नाही. पहिल्या दोन गोष्टी रिव्हॉल्वरच्या आहेत आणि तशाच राहू द्याव्यात. तिसरी मालकाची आहे. तिच्यावरचा उपचार स्वयंपाकघरातून हाक येते तेव्हा सुरू होतो.